उलटे मोजे

सातारा,
रविवार दुपार

प्रिय सुमे,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे ठीक आहेत. फोनवर हेच सांगायला दोनदा सुरुवात केली होती, पण दोन्ही वेळा आपण आल्याच्या भावावर आणि तुझ्या गुडघ्यांवर जाऊन थांबलो. शिवाय मला तुझी एक माफी मागायची आहे. ती तोंडावर मागता यायची नाही. तू हसशील, मी चिडेन आणि विषय आणखी दहा वर्षं पुढं जाईल.

सुरुवात चिऊच्या मोज्यांपासून करते. नात यंदा पहिलीत गेली. पावणेसातला व्हॅन येते आणि सव्वासहाला आमच्याकडे मोज्यांवरून रणकंदन सुरू होतं. मोज्याच्या टोकाला, बोटांवरून, आडवी शिवण जाते ना, तिला ती 'रेघ' म्हणते. "आजी, रेघ चावतेय." मग मोजा काढायचा, ओढूनताणून पुन्हा घालायचा, रेघ बोटांच्या पुढं सरकवायची, वर बूट चढवायचा, दोन पावलं टाकायची की पुन्हा भोकाड. खाली व्हॅनवाले काका हॉर्न देतायत, सूनबाईचा डबा ओट्यावर तसाच, आणि मी सोफ्यावरून माझं ठरलेलं वाक्य टाकते, "चार दिवस घाल, होईल सवय." तो पाचवा दिवस काही उजाडला नाही. उलट शाळेच्या डायरीत शेरा आला, मुलगी वर्गात बूटमोजे काढून बसते.

मग एका रात्री तिचं पांघरूण सारखं करायला गेले तर पोरीच्या पायात मोजे. दोन्ही उलटे. सकाळचं भांडण नको म्हणून तिनं रात्रीच घालून ठेवले होते, रेघ बाहेर करून. मी पलंगाच्या कडेला बसलेच, आणि एकदम कोल्हापूरच्या हॉस्टेलातली आपली खोली आठवली. १९८६ चा पावसाळा, दोरीवर न वाळलेले कपडे, आणि तू उलटा गाऊन घालून अभ्यासाला बसलेली. शिवणी बाहेर, खिसा बाहेर लोंबतोय. सगळ्या मजल्यावर 'उलटी सुमी' म्हणून तू प्रसिद्ध होतीस. ते नाव मीच पाडलं होतं.

मुलानं आणि सुनेनं तिला पुण्याला एका ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे नेलं. मीही गेले, 'यात कसली आलीय थेरपी' असा चेहरा करून. बाईंनी चिऊसमोर कपड्यांची टोपली ठेवली आणि एकेक कपडा उचलून विचारलं, हा अंगाला काय करतो? पोरगी अडखळलीसुद्धा नाही. लेबल टोचतं. रेघ चावते. नेफा काचतो. बटण रुततं. जाळी ओरबाडते. युनिफॉर्मची कॉलर 'ओरडते'. बाई शांतपणे लिहून घेत होत्या आणि मला मात्र कुणीतरी कानफटात मारल्यासारखं झालं. अगं, टोचणं, बोचणं, खुपणं, रुतणं, काचणं, सलणं, चावणं. आपल्या भाषेत इतकी क्रियापदं उगीच झाली असतील का? कुणाला तरी हे सगळं वेगवेगळं कळत होतं, म्हणूनच झाली ना? आणि घरातलं पोर त्यातलं नेमकं निवडून आपल्याला सांगतं तेव्हा आपल्याकडे एकच शब्द असतो. नखरे.

बाईंनी मला विचारलं, "आजी, हातातल्या बांगड्या आत्ता जाणवत होत्या का?" नव्हत्या. विचारल्यावर जाणवल्या. त्वचेतली काही मज्जाटोकं स्पर्श सुरू झाला की कळवतात, संपला की कळवतात, मधल्या वेळी गप्प असतात. उरलेली जी कळवत राहतात त्यांच्याकडे मेंदू लक्ष देईनासा होतो. म्हणून आपण मंगळसूत्र, चष्मा, अंगावरची साडीसुद्धा विसरतो. काहींचा मेंदू हे विसरायला तयारच होत नाही. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात मुलांच्या हातावर खरखरीत लोकरीचं कापड घासून, सोबत नकोसा आवाज ऐकवून मेंदूचे स्कॅन काढले. २०१५ साली ते छापून आलं. पुन्हा पुन्हा तेच केल्यावर बाकीच्यांचा मेंदू निवला. पण ज्या ऑटिस्टिक मुलांना स्पर्श-आवाजाचा फार त्रास होतो, त्यांचा तसा निवत नव्हता. म्हणजे बघ, 'होईल सवय' हे मी रोज सकाळी सांगत होते, आणि नेमकं तेवढंच तिला जमणारं नव्हतं.

लगेच 'म्हणजे चिऊला ऑटिझम आहे का' असं विचारू नकोस, मीही विचारून बसले आहे. ऑटिझममध्ये असा त्रास खूप जणांना असतो, २०१३ पासून तो निदानाच्या निकषांतही धरतात. अतिचंचल मुलांतही दिसतो आणि यातलं काहीच नसलेल्यांतही. बाईंना घाई नाही, आता मलाही नाही. तुझ्याबद्दलही मी काही नाव देत नाही. नावं ठेवली तेवढी पुरे.

एक गोष्ट मात्र मला लागली. जीन आयर्स नावाच्या एका अमेरिकन थेरपिस्टनं स्पर्शाच्या या त्रासावर १९६० च्या दशकातच लिहून ठेवलं होतं. म्हणजे तू उलटा गाऊन घालून बसायचीस तेव्हा हे सगळं जगात कुठंतरी छापलेलं होतं. आपल्या मजल्यावर तेवढं पोचलं नव्हतं.

मी वाचायला लागले की थांबत नाही, तुला माहीतच आहे. लोकरीचं घे. लोकर टोचते त्याला आपण सर्रास ॲलर्जी म्हणतो, पण बहुतेक वेळा ती ॲलर्जी नसतेच. कापडातून बाहेर आलेलं तंतूचं टोक जाड असलं की वाकत नाही, सरळ त्वचेत दाबलं जातं आणि दुखणं कळवणारी मज्जाटोकं जागी होतात. साधारण ३० मायक्रॉनच्या पुढं, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या तिप्पट जाडीपासून, हा त्रास सुरू होतो. मेरिनो लोकर २० मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक असते, म्हणून ती अंगाला लागून घालता येते. आमच्या माणदेशातल्या मेंढ्यांची लोकर चांगली जाडीभरडी, त्यात घोंगडीला चिंचोक्याची खळ. आजोबा घोंगडी अंथरायचे, नाहीतर सदऱ्यावरून खांद्यावर टाकायचे. उघड्या अंगावर घेतलेली मी कधी पाहिली नाही. मग शाळेच्या लोकरी स्वेटरची बाही उघड्या दंडावर घासली म्हणून पोर रडलं, तर त्याचं काय चुकलं?

आणि बाळंतविडा आठव. आमच्या आजीनं घरातल्या एकाही बाळाला नवं कापड लावू दिलं नाही. झबली जुन्या धोतराची, दुपटी जुन्या लुगड्याची, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. झबल्याला बटण नाही, बंद, आणि तेही पाठीशी टोचणार नाहीत असे. आम्हाला वाटायचं ही काटकसर, नाहीतर दृष्टबिष्ट लागण्याची भानगड. ती म्हणायची, "नव्याला खळ असते, लेकराला बोचते." तान्ह्याचं एवढं ऐकायचं, आणि त्याला बोलता येऊन 'बोचतं' म्हणायला लागलं की ऐकायचं बंद करायचं. हे कुठल्या बारशाला ठरलं कुणास ठाऊक.

आता माझं मशीन पुन्हा खाली उतरवलं आहे. पहिला धडा लेबलाचा. मी आजवर कात्रीनं कचकन कापायचे आणि पोर आणखी रडायची. मग बोट फिरवून पाहिलं. लेबलाची पट्टी बऱ्याचदा गरम पात्यानं कापलेली असते, त्यामुळं तिची कड वितळून टणक होते. कात्रीनं कापलं की शिवणीत अडकलेलं खुंट उरतं, ते गवताच्या सडासारखं टोचतं. त्यामुळं आता सगळी टीप एकेक टाका उसवून काढते. पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्यानं शिवलेलं असलं तर तो दोराही वेचून काढते. फ्रॉकच्या आतल्या कच्च्या कडा दुमडून वरून दुसरी टीप मारते, म्हणजे ओव्हरलॉकचे दोरे अंगाला लागत नाहीत. नवा कपडा चार-पाच वेळा धुतल्याशिवाय तिच्यापुढं न्यायचाच नाही. युनिफॉर्मचा शर्ट टेरिकॉटचा आहे. त्यात साधारण ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के सुताचं मिश्रण असतं. इस्त्री मोडत नाही म्हणून आपल्या वडिलांच्या पिढीनं त्याला डोक्यावर घेतलं, आणि मार्चच्या उन्हात ते अंगाला कसं चिकटतं ते पोरं भोगतात. तो बदलता येत नाही, म्हणून आतून मलमलची बंडी शिवली. मोजे उलटेच. शाळेला सुनेनं पत्र दिलं. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "बुटाच्या आत कोण बघतंय?" चार महिन्यांचं रणकंदन त्या एका वाक्यात मिटलं.

सगळं मिटलं असं मात्र समजू नकोस. दिवाळीत तिच्या आत्यानं फ्रॉक आणला, खाली कॅनकॅन, वर जाळी, जाळीवर टिकल्या. चिऊनं तो घातला, आरशात बघितलं, हरखली, आणि पाच मिनिटांत मान लाल करून काढून फेकला. जुना, धुऊन धुऊन विटलेला टीशर्ट घालून फुलबाज्या उडवायला पळाली. आत्याचं तोंड उतरलं. आणि सुमे, सगळं वाचून-शिकून झाल्यावरही माझ्या डोक्यात तिडीक गेली, चार लोकांत शोभा केली म्हणून. ती तिडीक मी ओळखली. ती जुनी होती.

मे १९९१. माझं लग्न. आईनं तुम्हा सगळ्या मैत्रिणींना एकसारखे ब्रोकेडचे ब्लाऊज शिवून घेतले होते, नकली जरीचे. शिंप्याला घाई म्हणून अस्तर लावलं नव्हतं. तू पाठराखीण, त्यामुळं तुला पहिल्यापासून माझ्यामागं उभं राहायचं होतं. मंगलाष्टकं संपून अक्षता पडेपर्यंत तू उभी होतीस. मला वाटायचं तुला कंटाळा आलाय, इतका तुझा चेहरा ओढलेला. मग तू नाहीशी झालीस आणि आलीस ती तुझी आकाशी सुती साडी नेसून, पदर विटलेला. सगळ्या ग्रुप फोटोत भरजरी घोळक्यात तू एकटी आकाशी. आई पुटपुटली, आणि मी तुला बाजूला घेऊन म्हणाले, "माझ्या लग्नात तरी नखरे करायचे नव्हतेस." तू "बरं" म्हणालीस आणि पंगतीला न थांबता एसटी पकडलीस. पुढची दोन वर्षं तुझी पत्रं येत राहिली, आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही.

गेल्या महिन्यात ट्रंकेतून माझा तो ब्लाऊज काढला. उलटा करून पाहिला. आतून जरीचे सुटे धागे, तुटलेल्या टोकांचे, पाठभर. मनगटाच्या आतल्या बाजूवर दहा वेळा घासला. मला काहीच झालं नाही, थोडं खरखरीत लागलं इतकंच. मी बराच वेळ तो हातात घेऊन बसले होते. मला काही झालं नाही म्हणून मी तुझ्याशी दोन वर्षं बोलले नव्हते.

माफ कर.

आता काम सांगते. टेंपल ग्रँडिन म्हणून एक अमेरिकन बाई आहेत, गुरांच्या वागण्याच्या तज्ज्ञ, स्वतः ऑटिस्टिक. लहानपणी त्यांनाही खरखरीत परकर सोसायचे नाहीत. कुणी मिठी मारलेली चालायची नाही, पण दाब हवा असायचा. नात्यातल्या एका बाईंच्या गोठ्यावर गुरांना दोन्ही बाजूंनी फळ्यांत धरलं की ती शांत होतात हे बघून त्यांनी स्वतःसाठी तसं एक यंत्रच बनवलं. चिऊचंही असंच काहीसं आहे. हळूच कुणी बोट फिरवलं तर किंचाळते, पण गच्च दाबून धरलं की निवते. आमच्याकडे यंत्र नाही, गोधडी आहे. आईच्या दोन साड्या आणि काकूची एक, आत जुनं धोतर, चांगली वजनदार. तिच्याखाली पोरगी न कुरकुरता झोपते. पण ती तिला आता तोकडी पडते, पाय बाहेर येतात, म्हणून दुसरी मोठी शिवायला घेतली आहे. आतले थर जमलेत. वरचा, तिच्या गालाला लागेल तो, अजून मिळालेला नाही.

ती आकाशी साडी तुझ्याकडे अजून आहे का गं? फाटली असली तरी चालेल, निम्मी असली तरी चालेल. टाके मी घालीन, दाट आणि बारीक.

तुझी,
विजू

ता. क. धुऊन पाठव, पण खळ घालू नकोस.