मित्रास पत्र : ‘हो, जेवलो’

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला तो आळसामुळे झाला असे समजू नकोस. तू विचारलेल्या गोष्टींबद्दल लिहायचे तर माझीच एक जुनी चूक सविस्तर सांगणे भाग होते, आणि अशा कामाला हात मनापासून उठत नाही. थोरली शिकायला परदेशी निघाली आहे, धाकटा ताटावर बसला की मोबाइलमधून मान वर काढत नाही आणि रात्रीचे जेवण म्हणजे रोजची कटकट झाली आहे, असे तू लिहितोस. तू या तीन वेगवेगळ्या तक्रारी म्हणून मांडल्या आहेस. मला मात्र तिन्हींचे मूळ जेवणाच्या टेबलापाशीच दिसते.

आधी धाकट्याचे पाहू, कारण ते त्यातल्या त्यात सोपे आहे. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या जेवणाबाबत कामाची एक सरळ वाटणी सांगितली आहे. काय वाढायचे, कधी वाढायचे आणि कुठे बसून जेवायचे हे आईवडिलांनी ठरवावे; वाढलेल्यातले खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलावर सोपवावे. वाचायला सोपे वाटते, पण आपण नेमके उलटे करतो. काय हवे ते मुलाला विचारत बसतो आणि किती खायचे ते आपण ठरवतो. तुझ्या घरी मोबाइल हा ‘कुठे आणि कसे’ या सदरात मोडतो, म्हणजे तो तुझ्या अधिकारातला विषय आहे. तेव्हा तो बाजूला ठेवायला सांगायचे आणि त्याआधी स्वतःचाही ठेवायचा. ताटात उरलेले दोन घास मात्र त्याच्या अधिकारातले आहेत, त्यावर वाद घालू नकोस. मी वीस वर्षांत त्या दोन घासांवरून एकही वाद जिंकलेला नाही.

आता माझी चूक. आमचा मुलगा शाळेच्या शेवटच्या वर्षांत असताना दिवसभरात आमची गाठ पडण्याची रात्रीचे जेवण ही एकच वेळ असे, त्यामुळे मनात साठलेले सगळे प्रश्न मी तिथेच बाहेर काढत असे. अर्ज कुठवर आला, निबंधाचा मसुदा झाला का, शिफारसपत्रांसाठी शिक्षकांना आठवण केलीस का, ही माझी उलटतपासणी पहिल्या घासापासून सुरू होई. तो ‘हो’, ‘झाले’, ‘बघतो’ अशी उत्तरे देई आणि उठून जाई. बायकोने एकदा मला न सांगता घड्याळ लावून पाहिले, तर त्याचे जेवण सात मिनिटांत संपले होते. तिने ते मला रात्री उशिरा, दिवा घालवताना सांगितले, आणि मी ‘अभ्यास असेल’ म्हणून कूस बदलली.

तो परदेशी गेल्यावर हीच चौकशी मी फोनवर नेली, एवढेच. पहिला प्रश्न रोज ठरलेला, ‘जेवलास का?’ आणि उत्तरही ठरलेले, ‘हो, जेवलो.’ आपल्या भाषेत हा प्रश्न पोटापुरता नसतो हे तुला ठाऊक आहे. बरा आहेस ना, पैसे पुरतात ना, कोणी सोबतीला आहे ना, हे सगळे आपण त्या दोन शब्दांत कोंबतो. पण एवढे कोंबलेल्या प्रश्नाला खरे उत्तर देणे अवघड असते, म्हणून मुले ‘हो’ म्हणून मोकळी होतात. पुढे कधीतरी त्याने बोलता बोलता कबूल केले, की त्या हिवाळ्यात कित्येकदा ‘जेवलो’ म्हणताना त्याच्या पोटात फक्त बिस्किटे होती.

त्यात माझ्या अज्ञानाची भर होती. त्याचे विद्यापीठ युरोपातले. ‘आज किती तास वर्ग होते?’ असे मी विचारी, तो कधी दोन तर कधी तीन तास सांगे, आणि एवढी फी भरून मुलगा उरलेला दिवस काय करतो या विचाराने माझा पारा चढे. एकदा तर मी त्याला चांगलेच सुनावले. तिकडची क्रेडिटची, म्हणजे अभ्यासाचे काम मोजण्याच्या एककाची, पद्धत मला नंतर समजली. पूर्ण वर्षाचा अभ्यासक्रम साठ क्रेडिटचा धरतात आणि एका क्रेडिटमागे साधारण 25 ते 30 तासांचे काम अपेक्षित असते. म्हणजे सहा क्रेडिटच्या एका विषयाला 150 ते 180 तास लागतात, त्यातला वर्गातला भाग थोडा आणि ग्रंथालयात किंवा खोलीत एकट्याने करायचा भाग मोठा. ज्या तासांना मी रिकामे समजत होतो, तेच त्याला सर्वांत जड जात होते. तुझ्या लेकीचा अभ्यासक्रमही याच पद्धतीचा आहे, तेव्हा ‘आज कॉलेज किती वेळ होते?’ हा प्रश्न तू आजच विसरून जा.

तिच्या पहिल्या काही महिन्यांतल्या उत्साहावरूनही फार अंदाज बांधू नकोस. 1955 साली लिसगार्ड नावाच्या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत राहून आलेल्या दोनशेहून अधिक नॉर्वेजियन अभ्यासकांची, म्हणजे फुलब्राइट या अमेरिकी सरकारच्या शिष्यवृत्तीवर गेलेल्यांची, पाहणी प्रसिद्ध केली होती. सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले तिथे बरे रुळलेले दिसले, सहा ते अठरा महिने राहिलेल्यांना जास्त जड गेले आणि त्याहून अधिक राहिलेले पुन्हा सावरलेले आढळले. नंतरच्या अभ्यासांत हा चढउतार सगळीकडे जुळला नाही आणि कित्येकांना पहिलेच आठवडे सर्वांत अवघड जातात असेही दिसून आले, त्यामुळे याला पंचांग समजून तारखा काढू नकोस. आमच्याकडे मात्र सातव्या महिन्यात मुलाचे बोलणे आटले. फोटो येईनासे झाले, फोन दोन मिनिटांत संपू लागले, आणि मी जितके जास्त विचारी तितकी उत्तरे आखूड होत गेली.

तोडगा माझा नाही, बायकोचा आहे. तिने एका रविवारी त्याला कळवले, की आज आपण बोलायचे नाही, फक्त जेवायचे. आमचे रात्रीचे जेवण आणि त्याचे सुटीच्या दिवसाचे उशिरा होणारे दुपारचे जेवण थोड्या ओढाताणीने एका वेळेला बसत होते. तिने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, त्यानेही तिकडे तसाच काहीतरी आधार शोधला असावा, कारण आम्हाला त्याची हनुवटी, ताटाची एक कड आणि मागची खिडकी एवढेच दिसत होते. पहिली दहा मिनिटे मला फार विचित्र वाटले. चमचा ताटावर वाजल्याचा आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज, बायकोने मला ‘अजून वाढू का?’ विचारणे, आणि सवयीने मान वर करून तिने त्यालाही तेच विचारणे. त्यावर तो हसला. कित्येक आठवड्यांनी हसला.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी जेवण झाल्यावर तो भांडी घासायला उठला आणि फोन तसाच ठेवून गेला. आमच्याकडे त्याची पाठ होती. नळ चालू होता, तो एक करपलेले भांडे खरवडत होता, आणि तसेच खरवडता खरवडता, मागे न वळता म्हणाला, ‘बाबा, मी एका विषयात नापास झालो.’ माझ्या जिभेवर चार प्रश्न आले होते. बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला, म्हणून मी फक्त ‘बरं’ म्हणालो. मग नळ बंद झाला, आणि पुढचा पाऊण तास तो आपणहून बोलत राहिला.

मार्चमध्ये एकदा गोंधळही झाला. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे तासभर पुढे जातात हे आमच्या ध्यानात राहिले नाही. त्याने नेहमीच्या वेळेला फोन लावला तेव्हा आम्ही बाहेर होतो, आणि घरी येऊन आम्ही लावला तेव्हा त्याचे ताट रिकामे झाले होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे पुन्हा मागे येतात. या दोन तारखा आत्ताच भिंतीवर लिहून ठेव.

तयारीचे थोडक्यात सांगतो. टोफेल किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षे ग्राह्य धरतात, म्हणून तिच्या परीक्षेची तारीख आणि प्रवेशाचे वर्ष यांचा मेळ एकदा पाहून घे. दहा पदार्थ शिकवण्यापेक्षा तीनच शिकव, पण पूर्ण तिच्या हाताने करू दे, तू स्वयंपाकघराच्या बाहेर थांब. शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले पाहिजे आणि फ्रीज चार अंशांच्या आसपास हवा, हे मात्र पाठ करून घे. एकटे राहणारी मुले एकदाच भरपूर रांधतात आणि भांडे रात्रभर ओट्यावर विसरतात. आमच्या चिरंजीवांनी त्याचा अनुभव परीक्षेच्या आदल्या दिवशी घेतला होता.

निघायला तिला अजून दोन महिने आहेत. तेवढ्या काळात टेबलावर अर्ज, व्हिसा आणि बँक यांतले काहीही काढू नकोस, त्यासाठी शनिवारची सकाळ वेगळी ठेव. सुरुवातीला ती गप्पच बसेल. बसू दे.

वहिनींना नमस्कार, दोन्ही मुलांना आशीर्वाद. सविस्तर बोलायचे असेल तर फोन कर, पण रविवारी रात्री आठ ते नऊ सोडून. त्या वेळी आमच्याकडे तिघांचे जेवण चालू असते.

तुझा जुना मित्र