एका स्टोकरची पदके वाचून देणाऱ्या चीफसाहेबांस

आदरणीय चीफसाहेब यांस,
सादर नमस्कार.

नौदलात स्टोकर, म्हणजे जहाजाच्या बॉयलरखोलीत राबणारा नौसैनिक, म्हणून उमेदीची सारी वर्षे काढलेल्या माझ्या दिवंगत वडिलांची पदके आणि सेवापुस्तिका आपण बारकाईने वाचून दिलीत, दमट खाऱ्या हवेने कुजलेल्या फितींच्या जागी मुंबईहून नव्या आणवून पदके योग्य क्रमाने बसवलीत आणि मोबदल्याचा विषय हसण्यावारी नेलात, याबद्दल आम्हा सर्व कुटुंबीयांच्या वतीने हे जाहीर आभारपत्र लिहीत आहे.

वडील १९७१ च्या युद्धात होते, एवढे आमच्या मालवणाकडच्या गावात सर्वांना ठाऊक होते. ४ डिसेंबरचा नौदल दिन क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर केलेल्या हल्ल्याच्या स्मरणार्थ पाळला जातो, आणि २०२३ साली तो सोहळा तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाल्यापासून तर वडिलांना कराचीला नेऊन सोडल्याशिवाय गावातले एकही भाषण पुरे होईना. आपण मात्र ताऱ्याच्या आकाराचे ते पदक हातात घेताच सांगितलेत की हा ‘पूर्वी स्टार’, म्हणजे पूर्व आघाडीचे पदक आहे, पश्चिम आघाडीचा ‘पश्चिमी स्टार’ नव्हे. तेव्हा या माणसाचे युद्ध अरबी समुद्रात नव्हे, बंगालच्या उपसागरात झाले असले पाहिजे. सेवापुस्तिकेतील त्या महिन्याच्या नोंदीत जहाजाचे नाव निघाले, विमानवाहू विक्रांत.

विक्रांतवरील सी हॉक आणि अलिझे विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील कॉक्स बाजार व चितगाववर केलेले हल्ले पुष्कळांनी वाचलेले असतात. परंतु या जहाजाच्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेले होते, वेगावर मर्यादा घालूनच ते युद्धात उतरले होते, आणि डेकवरून विमान उडवायचे तर समोरून पुरेसा वारा मिळावा म्हणून जहाजाला वेग लागतोच, त्यामुळे वरच्या वैमानिकाचे उड्डाण खालच्या बॉयलरखोलीवर अवलंबून होते, हे आपण समजावून दिलेत. त्या युद्धाविषयी वडील ‘खाली उकडायचं फार’ याहून अधिक कधी बोलले नाहीत. आपले बोलणे ऐकून माझ्या आईने प्रथमच पुढचे प्रश्न विचारले, आणि आपण तिला बॉयलरखोलीचा नकाशा कागदावर काढून दाखवलात.

संग्राम मेडल, १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असणाऱ्यांना मिळालेले स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचे पदक, नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचे पदक, ही बाकीची ओळही आपण लावून दिलीत. पदके सोनाराकडे उजळायला देऊ नयेत, कारण घासल्याने कडेवर कोरलेला क्रमांक आणि नाव पुसट होते, ही आपली सूचना ज्यांच्या घरी अशी पदके आहेत त्या सर्वांनी ध्यानात घ्यावी.

गावातील काही मंडळींना कराची अजून सोडवत नाही, त्याला माझा इलाज नाही. शाळेत लावायच्या फलकाचा मजकूर मात्र आपण सांगितल्याप्रमाणे ‘विक्रांत, बंगालचा उपसागर’ असा केला असून त्याची प्रत सोबत जोडली आहे. रंगाऱ्याकडे देण्यापूर्वी आपण ती एकदा नजरेखालून घालावी, ही विनंती.

आपला नम्र,
एका नौसैनिकाचा मुलगा