आडवा मका बांधावरून मोजता येत नाही

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात वादळाची बातमी वाचली, आंब्याचे फोटो आले, उडालेल्या पत्र्यांचे आले, मक्याचं मात्र एकच वाक्य, 'मका आडवा झाला'. आडवा झाला म्हणजे काय ते सांगायला हे पत्र, कारण आमच्याकडे पंचनाम्याला आलेले साहेब पण बांधावरूनच बघून म्हणाले, बिट्या (कणसं) तर शाबूत आहेत की, नुकसान कुठंय?

माझा कन्नड तालुक्यात दोन एकर रब्बीचा मका. दाणा भरलेला, सोंगणीला अजून पंधरा-वीस दिवस होते. त्या दिवशी सकाळीच पाणी दिलं (दिवसाची लाईट होती म्हणून मोह झाला) आणि संध्याकाळी वारं सुटलं, जमीन ओली, वर बिटीचं वजन, अर्ध्या तासात सगळं वावर चटईसारखं अंथरलं. थोडी चूक माझीपण आहे, वेळेवर मातीची भर लावली नाही आणि युरियाला हात सैल सोडला, धांडं (मक्याचं ताट) उंच गेलं. तुऱ्याच्या आधी पडला असता तर मान वाकडी करून का होईना उठला असता, दाणा भरल्यावर पडलेला मका काही उठत नाही.

आता खर्चाचं बघा. उभ्या मक्यात बाया ओळीनं चालत बिट्या मोडत जातात. आडव्यात धांडं एकमेकांत गुंतलेलं, कुठली ओळ कुठं गेली कळत नाही, प्रत्येक बिटीला कमरेत वाकायचं, ओढली की चार धांडं सोबत येतात, वर सापाची भीती. वारा जिकडून आला त्याच्या उलट्या बाजूनं शिरलं तर जरा सोपं जातं, हे आम्हाला पहिल्या दिवशी कळलंच नाही. तोडणीच्या एकरी 5000 रुपयांच्या उक्त्याचे (ठरवून दिलेल्या ठेक्याचे) 8500 झाले आणि तरी टोळी दुसऱ्या दिवशी आलीच नाही. हार्वेस्टरवाला गाडी थांबवून बघून निघून गेला. अमेरिकेत ऑगस्ट 2020 ला आयोवात असंच लाखो एकर मका झोपला होता, तिथं मशीनच्या तोंडाला फिरणारे रोलर लावून धांडं आत ओढत होते म्हणे, पोरानं मोबाईलवर दाखवलं. इथं विळाच.

आणि बिट्या शाबूत हे वरून. जमिनीला टेकलेली एक उलटी करून साल सोललं तर आत पांढरी बुरशी, टोकाच्या दाण्यांना हिरवे कोंभ. अशा बिट्या मळणीच्या आधीच वेगळ्या काढाव्या लागतात, एकदा थ्रेशरमधून गेल्या की चांगला मालपण नासला, आणि ते बुरशीचं गुरांना-कोंबड्यांनाही घालता येत नाही. चिखलानं भरलेलं धांडं गाय हुंगून सोडून देते, म्हणजे चारापण गेला.

हमीभाव 2025-26 चा क्विंटलला 2400 रुपये, पण तो 14 टक्के ओलाव्याच्या मालाला. आडतीत व्यापाऱ्यानं मूठभर दाणे घेतले, त्यातले तीन काळे वेचून माझ्यासमोर मांडले आणि काही न बोलता भाव सांगितला. भांडायला तोंड कुठं होतं, काळे होतेच ना.

विम्याचं विचारू नका, रब्बीच्या यादीत गहू, हरभरा, ज्वारी, कांदा आहे, मका खरिपातच. राहिली सरकारी मदत, ती 33 टक्क्यांच्या वर नुकसान दिसलं तर, आणि ते दिसणार कसं जर बांधावरूनच बघणार असाल? निदान चार जागी आत शिरून बिट्या सोलून बघा, वाढलेली मजुरी कुठल्या तरी रकान्यात लिहा, एवढंच म्हणणं आहे.

अजून 15 गुंठे तसेच पडून आहेत, रात्री रानडुकरं येतात. कुणाला बघायचं असेल तर या, पण बूट घालून या.

एक मका उत्पादक, ता. कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर