गुरुवारची वेळ घेतली आहे

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई "नंतर बोलू" म्हणते आणि बाबा फोन तिच्या हातात देतात, म्हणून लिहिते आहे. येत्या गुरुवारी सकाळी बाबांसाठी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मी घेतली आहे. दादाला हे ठाऊक आहे आणि त्याची संमती आहे. तुम्हाला न विचारता ठरवले याचा राग येईल, तो जरूर यावा; पण विचारले असते तर "पुढच्या महिन्यात बघू" हेच उत्तर मिळाले असते, आणि तो पुढचा महिना काही केल्या उजाडत नाही.

बाबा, आत्याच्या वेळचे सगळे तुमच्या डोळ्यांपुढे येणार, हे मी जाणते. तेव्हा घरात कोणाला काही समजावून सांगणारे नव्हते आणि विचारायला जावे अशी जागाही माहीत नव्हती. आज तसे नाही.

मागच्या खेपेस आले तेव्हा टेबलावरच्या वर्तमानपत्राची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. खालचे अंक काढून पाहिले, तर सगळीच शब्दकोडी कोरी. मला नुकती अक्षरओळख झालेली असताना मांडीवर बसवून तुम्ही ती सोडवत होतात आणि शेवटचा शब्द येत असूनही माझ्यासाठी मोकळा ठेवत होतात. त्या माणसाचे मन आता कशातच लागत नाही, हे "वय झाले" म्हणून मी कसे सोडून देऊ? उतारवयातले नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसतच नाही. भल्या पहाटे जाग येणे, अंग दुखणे, भूक मरणे, चिडचिड, विसराळूपणा अशा रूपांनी ते समोर येते. तुम्हाला स्मृतिभ्रंशाची भीती वाटते, त्याचे निदान डॉक्टरच करतील, पण नैराश्यामुळे आलेला विसराळूपणा उपचारांनी बराच कमी होऊ शकतो. थायरॉइडच्या किंवा बी-१२च्या कमतरतेनेही असे होऊ शकते, त्यामुळे रक्ततपासणीही करून घेऊ.

गोळ्यांची सवय लागेल, ही तुमची शंका रास्त आहे. काही झोपेच्या गोळ्यांची तशी लागते, नैराश्यावरच्या गोळ्यांची तशी चटक लागत नाही. मात्र त्यांचा गुण दिसायला २ ते ४ आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात, आणि बरे वाटू लागल्यावरही त्या साधारणपणे निदान ६ महिने चालू ठेवतात. आपल्या मनाने एकदम बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थता असा त्रास होऊ शकतो, तेव्हा तेवढे मात्र करायचे नाही.

बाकी तुमच्या दिवसाला कोणी हात लावणार नाही. खुर्ची खिडकीपाशीच राहील, दुपारची झोप मोडणार नाही. ताटकळावे लागू नये म्हणून सकाळची पहिलीच वेळ मागून घेतली आहे, जिना चढावा लागणार नाही हे विचारून ठेवले आहे आणि पाठीची उशी मी बरोबर घेईन.

आई, आता तुझ्याविषयी. तुमच्याच भागातल्या वाचनालयात शुभंकरांचा, म्हणजे घरी अशा आजारात सोबत करणाऱ्यांचा, स्वमदत गट भरतो. तिथल्या संयोजक बाईंशी मी सविस्तर बोलले. गोलात बसतात, ज्याला बोलायचे तो बोलतो, नुसते ऐकले तरी चालते आणि तिथले बोलणे तिथेच राहते. ओळखीचे कोणी भेटेल, ही तुझी धास्ती आहे ना? भेटेलही, पण तेही तुझ्यासारखेच काही मनात घेऊन आलेले असेल. आल्यागेल्याला "यांना जरा कणकण आहे" असे सांगून दारातूनच परत पाठवताना तुझा आवाज किती थकलेला असतो, ते मला फोनवरसुद्धा ऐकू येते. बाबा, तुम्हाला प्रत्येक गोष्टीचे मूळ लागते म्हणून सांगते, १९३७ साली शिकागोत डॉ. अब्राहम लो यांनी मनोरुग्णालयातून घरी परतलेल्या रुग्णांना एकत्र आणून असाच एक गट सुरू केला होता, आणि पुढे तो त्या लोकांनीच चालवला. तेव्हा हे काही कालचे खूळ नव्हे.

एक कठीण गोष्ट बाबांच्या देखतच लिहिते, कारण चोरून बोलण्याने आपल्या घराचे कधी भले झालेले नाही. "आता कशाला जगायचे" असे त्यांच्या तोंडून आले तर आई, तू विषय बदलू नकोस. जीव द्यावासा वाटतो का, असे सरळ विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. अशा वेळी त्यांना एकटे सोडायचे नाही, गोळ्यांचा साठा तुझ्या कपाटात कुलपात ठेवायचा आणि लगेच डॉक्टरांना व मला फोन करायचा, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

बुधवारी संध्याकाळी मी पोहोचते. तोवर जुने रिपोर्ट आणि रक्तदाबाच्या चालू गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत काढून ठेवा. नव्या औषधांशी त्यांचा मेळ डॉक्टरांना पाहावा लागतो. आई, बाबांना झोप किती लागते आणि जेवण कसे आहे, हे रोज एका कागदावर लिहून ठेव, आणि त्यातच तुझ्या झोपेचेही लिही, ते वगळू नकोस. बाबा, पहिल्या दिवशी बोलावेसे वाटले नाही तर नुसते बसा. डॉक्टर विचारतील त्यातले मला ठाऊक असेल तेवढे मी सांगेन.

तुमची,
छकुली