दोन शेड

ठाणे, मंगळवार रात्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

सोलापूर मागे पडल्याचा मेसेज तू आईला केलास. हैदराबादला पोचल्याचाही आईलाच. मी दोन्ही तिच्या मोबाईलवर वाचले. माजिवड्याला बसमध्ये चढताना तू मागे वळून पाहिलं नाहीस, आणि दशम्यांचा डबा ओट्यावरच राहिला. फोन केला असता तर पुन्हा कोणाचा तरी आवाज चढला असता, म्हणून लिहितोय. नोकरीचा विषय काढणार नाही असं आईला कबूल केलंय.

शनिवारी तू लॅपटॉप उघडून ती पोर दाखवलीस, खाडीकाठची, तू काढलेली, तुमच्या चित्रमालिकेची नायिका. वरिष्ठांनी तिला दोन शेड उजळ करायला सांगितलं होतं, आणि त्याच मेलमध्ये सावकाराला आणखी काळा करायला. तू नाही म्हणून कळवलं होतंस. मी चहा गाळता गाळता म्हणालो, ‘रंगच आहे ना, दे दोन शेड उजळून. प्रोबेशन तरी भरू दे.’ तू लॅपटॉप मिटलास. ‘बाबा, तू आयुष्यभर हेच केलंस,’ एवढंच म्हणालीस आणि आत गेलीस.

ते खरं आहे, म्हणूनच इतकं लागलं. तीन रात्री तेच डोक्यात आहे.

दुकान तू पाहिलंस ते कॉम्प्युटर आल्यानंतरचं. त्याआधीचं तुला ठाऊक नाही. १९८१ साली अण्णांनी मला रिटचिंगच्या टेबलाशी बसवलं तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. तिरकी काच, खालून उजेड, काचेवर निगेटिव्ह. पेन्सिलीचं टोक सँडपेपरवर घासून सुईसारखं करायचं आणि बारीक बारीक फिरवत राहायचं. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. सावळा चेहरा तिथे पातळ, जवळजवळ आरपार दिसतो. त्या पातळ जागी जितकं शिसं चढवावं, तितका कागदावर चेहरा उजळतो. म्हणजे गोरं करायला मी काळी पेन्सिल चालवायचो. उरलेलं काम डार्करूममध्ये: निगेटिव्हमधून कागदावर उजेड पाडणाऱ्या एन्लार्जरखाली तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती चेहऱ्यावर हलवत उजेड अडवायचा. अण्णा म्हणायचे, तुझा हात हलका आहे. मला त्याचा फार अभिमान होता.

लग्नसराईच्या आधी स्थळांच्या फोटोंची गर्दी असायची. मुलगी स्टुलावर बसलेली, आणि तिची आई काउंटरशी वाकून हळूच म्हणायची, ‘जरा उजळ येऊ द्या हं.’ हळू म्हणायची, पण स्टूल चार हातांवर होतं. मुलीला ऐकू जायचंच. मी मान डोलवायचो. त्या वेळी त्या मुलींच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही. माझं लक्ष लाईटकडे असायचं.

कळव्याची एक मुलगी होती. चांगली उंच, हसरी, गालाचं हाड ठसठशीत. तिच्या फोटोवर मी दुपारभर काम केलं. फोटो इतका सुरेख झाला की अण्णांनी काचेत लावायला एक प्रत मागून घेतली. महिन्याभराने तिचे वडील दुकानात आले. मुलाकडचे घरी येऊन गेले होते, आणि ‘फोटोतली मुलगी वेगळी दिसते’ असं सगळ्यांसमोर म्हणाले होते. ते गृहस्थ ओरडले नाहीत. फोटो काउंटरवर ठेवला, निगेटिव्ह मागितली, पाकिटात घालून घेऊन गेले. जाताना म्हणाले, ‘पोरगी चार दिवस जेवली नाही.’ काचेतली प्रत अण्णांनी त्याच संध्याकाळी काढली. आणि पुढच्या आठवड्यात मी दुसऱ्या मुलीच्या निगेटिव्हवर पेन्सिल चालवली. हे मी तुझ्या आईलाही कधी सांगितलेलं नाही.

म्हणून शनिवारी माझ्या तोंडून ते इतक्या सहज निघालं. हाताला सवय होती, जिभेलाही झाली.

पण मनू, आईला कबूल केलं असलं तरी एकदाच विचारतो. त्या मेलला उत्तर आलं का? प्रोबेशन ऑक्टोबरला संपतं ना? बाळूकाकाच्या समीरचं काय झालं ते तू जवळून पाहिलं आहेस. नाही, राहू दे. आता नाही विचारत.

रंगीत रोल आले तेव्हा मला वाटायचं की काही चेहरे फोटोला कठीणच असतात. दोष चेहऱ्याचा धरायचो. कॅमेऱ्याचा मीटर काय करतो, तर समोरचं सगळं मिळून मधल्या करड्या छटेवर आणू पाहतो. मागे पांढरा पडदा, नाहीतर नवरीची पांढरी-पिवळी साडी असली की तो म्हणतो, उजेड जास्त झाला, कमी करा. आणि सावळी मुलगी काळा डाग होऊन जाते. तिथे फोटोग्राफरने मीटरचं न ऐकता चेहऱ्याजवळ जाऊन माप घ्यायचं असतं. इतकं साधं. मला ते कळायला दहा वर्षं लागली, आणि त्या दहा वर्षांत किती लग्नं काढली असतील!

जेजेत दुसऱ्या वर्षाला असताना तू घरी येऊन कोडॅकच्या शर्ली कार्डाबद्दल सांगितलंस. लॅबमध्ये प्रिंटचा रंग जुळवायला नमुन्याचा फोटो असायचा, त्यावर १९५० च्या दशकापासून एक गोरी बाई. तिची कातडी बरोबर उमटली की मशीन बरोबर. बाकीच्या जगाने आपापलं बघून घ्यावं. पुढे १९७० च्या दशकात चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी तक्रार केली की आमच्या मालातले तपकिरी रंग फोटोत वेगवेगळे दिसत नाहीत, तेव्हा फिल्म सुधारायला लागली. कार्डावर वेगवेगळ्या वर्णांच्या बायका यायला १९९० चं दशक उजाडलं. ‘बाबा, लाकडासाठी केलं त्यांनी, माणसांसाठी नाही,’ असं तू म्हणालीस तेव्हा तुझा आवाज कापत होता. मी पेपर वाचत होतो. ऐकलं होतं सगळं.

माईचा खिडकीतला फोटो आठवतो ना, तुझ्या टेबलावर असायचा तो? १९९३ चा आहे. तोपर्यंत माईचा एकही नीट फोटो आमच्याकडे नव्हता. प्रत्येक ग्रुपमध्ये ती मागे उभी राहायची आणि पांढरे डोळे नि दात तेवढे उमटायचे. ती म्हणायची, ‘माझा नको काढूस रे, रोल वाया जाईल.’ आई असं म्हणते आणि मुलगा फोटोग्राफर! एका सकाळी तिला नौपाड्याच्या घरी पूर्वेच्या खिडकीशी तांदूळ निवडायला बसवलं. दुसऱ्या बाजूला पलंगावरची पांढरी चादर खुंटीला टांगली, म्हणजे उजेड तिच्यावरून परत फिरेल. माप चेहऱ्यावरून घेतलं. फ्लॅश लावला नाही. रिटचिंग केलं नाही. कपाळावर खिडकीचं निळं, गालाखाली चादरीचं ऊबदार, आणि मधे तिचा स्वतःचा रंग, पिकल्या जांभळासारखा. बघ, मी पुन्हा खाण्याच्या वस्तूवर आलो. माणसाच्या कातडीला कॉफी, चॉकलेट म्हणू नये, माणूस काही खायची चीज नाही, असं तू मला बजावलं होतंस. तेव्हापासून ‘गव्हाळ’ शब्द वाचला तरी अडखळतो, आणि मराठी वधू-वरांच्या जाहिराती तर त्याच शब्दावर उभ्या आहेत.

माईने फोटो पाहिला आणि कितीतरी वेळ हातातून खाली ठेवला नाही. म्हणाली, ‘मी अशी आहे होय?’

त्या फोटोवरून तू चेहरे काढायला शिकलीस, हे मी येईल त्याला सांगतो. तुझ्यासमोर सांगत नाही.

रंगवताना गडद करायला काळा मिसळू नकोस. काळ्याने कातडी राखेसारखी मेलेली दिसते. जळका तपकिरी घे, त्यात निळा, कुठे किरमिजी. सावलीतही रंग असतो. तळहात फिके ठेव, वरचा ओठ आणि खालचा ओठ एका रंगाचे करू नकोस. आणि गोऱ्या मुलीचाच चेहरा घेऊन वर तपकिरी रंग ओतला असं होता कामा नये. नाक, पापणी, केसांची मुळं, सगळं त्या माणसाचं हवं. बघ, कोणाला शिकवायला लागलो मी! यातलं निम्मं तुझ्याच वहीत वाचलेलं आहे. रागावू नकोस.

चेंदणी कोळीवाड्यात तू पहाटे जायचीस, पाच-पाच दिवस, तेव्हा मी कुरकुर केली होती. काय मिळतं तिथे तासन् तास बसून, असं म्हणालो होतो. त्या मावशींना तू आधी विचारलंस, काढू का म्हणून. काढल्यावर वही त्यांच्यापुढे धरलीस. एकीने सांगितलं, ‘माजा नाक आसा नाय, खाली बसलाय जरा,’ आणि तू तिथेच खोडून पुन्हा काढलंस. नथ, लुगडं, डोक्यावर टोपली असा गॅदरिंगच्या कोळी डान्सचा वेश त्या पोरीला न घालता शाळेचा फ्रॉक आणि मोठ्या भावाचा स्वेटर घातलास. अजिंठ्याला नववीत असताना पहिल्या लेण्यात पद्मपाणी सोडून तू त्या सावळ्या राजकन्येसमोर उभी राहिलीस. ग्रुप पुढे गेला, आई हाका मारतेय, तू हलत नाहीस. ‘बाबा, नाकावर बघ कसा फिका हात मारलाय, म्हणून ती उजळते,’ म्हणालीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आता एक धंद्यातली गोष्ट सांगतो. याला उपदेश समजू नकोस, कामाचं आहे. तुमच्या वरिष्ठांचा मेल मी तुझ्या खांद्यावरून वाचला, माफ कर. त्यात एक ओळ होती की रात्रीच्या होडीच्या प्रसंगात पोर दिसत नाही. बाकीचं सोड, पण ती ओळ खोटी नाही. दिसत नसणार. पण तो उजेडाचा प्रश्न आहे, तिच्या वर्णाचा नाही. पाण्यावरून चंद्राचं उलटून आलेलं निळसर तिच्या गालाच्या कडेला दे, कंदिलाचं पिवळं हनुवटीखाली. मागचा काठ तिच्यापेक्षा थोडा फिका कर. एकाच रंगातली ती पोर सकाळी, भर दुपारी आणि रात्री अशी तीन वेळा काढ, शेजारी शेजारी ठेव, आणि भांडणाऐवजी ते कागद पुढे कर. सावकाराबद्दल मात्र मला काही सुचत नाही. त्याला काळा करून त्याचा लोभ दिसणार नाही एवढं मलाही कळतं. त्याचे हात बघ कसे आहेत, डोळे कुठे लागतात, ते काढ.

तरीही नाही ऐकलं तर? तर मला माहीत नाही, मनू. बाप म्हणून वाटतं की टिकून राहावंस. टॅब्लेटचे सात हप्ते आहेत, हैदराबादचं भाडं आहे, पहिलीच नोकरी आहे. पुन्हा तिथेच आलो. आई म्हणते की मला भीती वाटली की मी हिशोब सांगतो. भीती वाटतेच. आणि कळव्याचे ते गृहस्थ पाकीट घेऊन पायरी उतरताना दिसतात, तेव्हा दुसरीही भीती वाटते, की माझ्या सांगण्यावरून तू एकदा पेन्सिल उचलशील आणि तुझाही हात हलका आहे.

तू मला मोबाईलवरचा अंगठ्याचा इमोजी दाबून धरून त्याच्या कातडीचा रंग निवडायला शिकवलं होतंस, तेव्हा मी माझ्यापेक्षा एक घर फिका निवडला होता. तू पाहिलंस आणि काही बोलली नाहीस. काल बदलला.

माईची मूळ निगेटिव्ह उद्या कुरिअरने पाठवतोय, बटर पेपरमध्ये गुंडाळून. कडेला धर, बोटं मधे लावू नकोस. सकाळच्या खिडकीशी धरून बघ. तिच्यावर शिशाची एक रेघ नाही. सोबत दशम्या आहेत, या वेळी तीळ जास्त घातलेत. सप्टेंबरचा हप्ता मी भरलाय, त्यावरून फोन करून भांडू नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. पाकीट मिळालं की आईला कळव. मी तिच्या मोबाईलवर बघतो.