गाढवाच्या पाठीचा हिशेब : पशुसंवर्धनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पशुसंवर्धनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सादर नमस्कार.

देशात २०१२च्या पशुगणनेत सव्वातीन लाखांच्या आसपास गाढवे होती. २०१९मध्ये ती सव्वा लाखावर आली. केंद्राने २०२४मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात गाढवाच्या पैदाशीलाही अनुदान दिले, हे बरे झाले. पण ते आहे उद्योजकासाठी. चार-सहा गाढवे राखून पोट भरणाऱ्या वडार, कैकाडी, कुंभाराला त्यातून काय मिळणार?

या जनावराने काय काय ओढले, ते एकदा पाहा. तळ्यातली माती कुंभाराच्या अंगणात आणायची, भाजलेली मडकी बाजाराला न्यायची. लीदसुद्धा वाया जात नसे. ती मातीत कालवत. भट्टीत तिच्यातले तंतू जळून बारीक छिद्रे राहतात, त्यांतून पाणी पाझरते आणि माठ गार राहतो. मातीवडारांनी विहिरींची, तळ्यांची माती याच पाठीवर उपसली. परटाचे गाठोडे तर सगळ्यांना ठाऊक आहे. चार दिवसांत वाट पाठ होते, मग गाढव आपल्या पायांनी जाते-येते. एक माणूस भरायला आणि एक रिकामे करायला असला की पाच-सहा जनावरांची रांग चालते.

आता ओझ्याचे. भारवाहू जनावरांच्या छळाला आळा घालणाऱ्या १९६५च्या नियमांनुसार गाढवाच्या पाठीवर जास्तीत जास्त ५० किलो. तीन किलोची वीट धरली तर सोळा विटा. वीटभट्टीवर मजुरी खेपेवर मिळते, म्हणून सोळावर कोणी थांबत नाही. नियम सलग पाच तासांवर काम नको म्हणतो आणि पारा ३७ अंशांवर गेला तर दुपारी १२ ते ३ विश्रांती सांगतो. वीटभट्टीचा हंगाम तर ऐन उन्हाळ्यातही चालतो. दंड गाढवाच्या मालकाला, खेपेचा दर ठरवणारा मोकळा!

खरी हानी मात्र ओझ्याखालच्या चुकीच्या गादीने होते. नुसते पोते टाकून वर गोणी लादली की सगळा भार मणक्यावर येतो, कातडे सोलते, जखमेत माश्या बसतात. पेंढा ठासलेल्या तरटाच्या दोन लांब वळ्या मणक्याच्या दोन बाजूंना हव्यात, मधे चार बोटे मोकळी. गादी पोटाखालून बांधायचा तंग नायलॉनच्या दोरीचा नको, रुंद सुती पट्टीचा हवा. पुढचे पाय दोरीने जखडून सोडण्याची सवयही अशीच. दोरी रुतते, त्या जखमेतून धनुर्वात होतो. पावसाळ्यात गाढवाची लव पाणी झटकत नाही, म्हणून आडोसा लागतोच. आणि गाढव दुखणे दाखवत नाही. चारा सोडला, मान खाली घातली, तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो.

पौष पौर्णिमेला जेजुरीच्या बंगाली पटांगणात आणि रंगपंचमीच्या सुमारास मढीला बाजार भरतो. दुवान (दोन दाती), चवान (चार दाती) असे दात पाहून तिथे भाव ठरतात. राज्यभरचे गाढवपालक एका जागी सापडायचे ते तिथेच. त्या दिवसांत तिथे पशुवैद्यक, धनुर्वाताची लस, खूर तासणारा आणि पाण्याचे हौद ठेवा. वर सांगितलेली गादी शिवून दाखवणारा एक माणूसही बसवा. तरट, पेंढा आणि सुतळी यांपलीकडे खर्च नाही. रस्ता नसलेल्या गडांच्या डागडुजीत चुना-वाळू वाहायला गाढवे लावली, तर निविदेतच ५० किलोची मर्यादा आणि त्या हिशेबाने खेपेचा दर लिहा.

आपले,
काही गाढवपालक व पशुवैद्यक