टायरच्या भट्टीत जळून जाणारी रसायने

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

जानेवारी 2025 मध्ये वाडा तालुक्यात जुने टायर तापवून तेल काढणाऱ्या भट्टीचा स्फोट होऊन दोन स्त्रिया आणि दोन मुले गेली. अशा भट्ट्या कायमच्या बंद करा, असे म्हणणाऱ्यांचा संताप मला पूर्ण समजतो. मात्र अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवल्यामुळे एक गोष्ट सांगावीशी वाटते. दोष शास्त्राचा नाही, ते आपण ज्या रीतीने वापरतो तिचा आहे.

हवा लागू न देता टायर चारशे ते सहाशे अंशांपर्यंत तापवला की रबर जळत नाही, त्याच्या लांब साखळ्या तुटतात. वजनाच्या साधारण चाळीस टक्के तेल, तीसेक टक्के काळी पूड, बाकी पोलादी तार आणि वायू मिळतो. ट्रकच्या टायरात नैसर्गिक रबर जास्त असते. त्यातून आयसोप्रीन, म्हणजे त्या साखळीची एकेक कडी, सुटते आणि त्याचे दोन रेणू जोडले गेले की लिमोनीन बनते. संत्र्याच्या सालीत असते तेच हे द्रव्य, आणि रंग व चिकटद्रव्यांच्या उद्योगांना ते लागते. उष्णता फार चढली की लिमोनीन मोडते आणि बेंझिन, टोल्युइन, झायलीन ही दुसरी रसायने वाढतात. तापमानावर काटेकोर ताबा असेल तरच हवे ते हाती येते.

अशा भट्ट्यांतल्या खालून जाळ लावलेल्या ड्रमवर असा ताबा राहत नाही. निघेल ते सगळे तेल एकत्र गोळा होते आणि भट्टीचे इंधन म्हणून विकले जाते. रबर कडक करायला घातलेले गंधक त्या तेलात एक टक्क्याच्या आसपास असते. बीएस-6 डिझेलची मर्यादा त्याच्या हजाराव्या भागाएवढी आहे. याला पुनर्वापर म्हणायला माझे मन तयार नाही. ड्रम पुरता निवण्याआधी उघडला तर पूड हवेत पेटते, आणि ती उपसणाऱ्या मजुरांच्या छातीत जाते ते वेगळेच.

जर्मनीतील बीएएसएफ या रसायन कंपनीने 2020 मध्ये पायरम या कंपनीत पैसे गुंतवले ते टायरचे तेल रसायनांचा कच्चा माल म्हणून वापरण्यासाठी. आपल्याकडेही 2022 पासून जुन्या टायरांची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा टायरांवर प्रक्रिया करणाऱ्यांना पुनर्वापराचे प्रमाणपत्र देताना तेल कोणाला विकले, जाळले की शुद्ध केले, हे तपासावे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदिस्त, अखंड चालणाऱ्या यंत्रणेलाच परवाना द्यावा आणि भट्टीच्या आवारात कामगारांची बिऱ्हाडे राहू देऊ नयेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. पालघर